व्याह्यांचे काळे सातू

पालीच्या नाक्यापासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत सगळी रत्नागिरी पालथी घाला, आपल्या हातचं कोणी दुसऱ्यांदा मागत नाही हे वर्षानुवर्षं बघूनसुद्धा दर वेळी तितक्याच हौसेने वाढायला उभा राहणारा माणूस तुम्हाला एकच सापडेल, आणि तो माझा व्याही आहे. लेकीचं लग्न ठरवताना आम्ही सगळं बघितलं होतं हो. घर बघितलं, आंब्याची कलमं बघितली, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का तेही ह्यांनी वाकून बघितलं. पण मुलाचे वडील मागीलदारी बिअर करतात, हे काही आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की वडील बोटीवर चीफ इंजिनिअर होते, आता रिटायर होऊन पालीला घरी असतात, कशात ना कशात मन रमवतात. या 'कशात ना कशात'मध्ये काय काय मावतं ते मला साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

झालं असं, की आम्ही रीतीप्रमाणे त्यांच्याकडे गेलो. पडवीत बसलो. व्याही आतून ट्रे घेऊन आले. ग्लासात कोकमाच्या आगळासारखं काळपट लाल काहीतरी होतं. मी बापडी उन्हातून आलेली, कोकम सरबत समजून ग्लास उचलला आणि अर्धा घोट आत गेल्यावर थांबले. काय सांगू तुम्हाला! आधी चिंचगुळाची आमटी आल्यासारखी वाटली, तिच्या पाठोपाठ खोकल्याचं औषध, आणि शेवटी भांड्याच्या बुडाला लागलेलं दूध. वर सगळ्याला फेस. समोर व्याही ताठ उभे, हात मागे बांधलेले, डोळे माझ्या तोंडावर. आता मुलीची आई काय करणार? लग्नाची तारीख धरायची होती. वरपक्षाने वाढलेलं नाही म्हणायचं नसतं हे मला माझ्या आईने शिकवलेलं, फक्त तिच्या डोळ्यांपुढे श्रीखंड होतं. मी घोट गिळला आणि म्हटलं, "छान आहे हो."

तिथेच फसले. त्या दोन शब्दांवर मी त्यांच्या बिअरची कायमची परीक्षक झाले. सत्तरीला टेकलेली बाई मी, सोवळ्यात वाढलेली. आमच्या माहेरी खोकल्याला ब्रँडीचा चमचा दिला तरी देवाकडे पाठ करून देत. पण गेल्या काही वर्षांत पालीच्या त्या पडवीत बसून मी जितकी बिअर प्यायलेय तितकी माझ्या तिन्ही भावांनी मिळून चोरून प्यायली नसेल.

व्याह्यांचा आवाज म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. सगळी उमर इंजिनरूममध्ये काढलेली. तिथे शेजारच्या माणसाला 'पाना दे' म्हणायचं तर ओरडावं लागतं. ती सवय निवृत्त झाली नाही. शिवाय कानही गेले, त्यामुळे आपण किती ओरडतोय हे त्यांना कळत नाही. घरात बायकोला "मीठ कुठाय?" विचारलं की कोल्हापूर रस्त्यावरचा ट्रकवाला ब्रेक मारतो. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या मालतीताई, अगदी उलट. त्या इतक्या हळू बोलतात की ह्या दोघांचा संसार इतकी वर्षं झाला कसा असं वाटतं. मग लक्षात येतं, की त्यांना जे ऐकायचं नव्हतं ते ऐकू आलंच नाही, म्हणून झाला.

आणि व्याह्यांचा सगळ्यात हात सैल. चहात पाच चमचे साखर. मोदकाच्या सारणात गूळ इतका, की पहिल्या घासाला दाताला कळ. लोणच्यात तिखट स्वतः कालवायचे, मग ते लोणचं घरात फक्त तेच खायचे. एकदा त्यांनी हौसेने फिश करी केली. आमचे हे आधीच अबोल, ते त्यानंतर दोन दिवस खरोखरच बोलले नाहीत. व्याही वागायला मात्र सोशीक. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे आणायला गेले की बाकीचे लोक नाकाला रुमाल लावतात, हे बागेत फिरायला आल्यासारखे सुकटीच्या ढिगाऱ्यांमधून हात मागे बांधून रमतगमत चालतात. मालतीताई सांगतात, एकदा खाटेखाली फणस ठेवलेला विसरला आणि आतल्या आत सडला. वासाने शेजारची गाय दावं तोडून पळाली, पण हे त्याच खाटेवर घोरत होते. 'काय बाई सहनशक्ती!' म्हणून आम्ही बायका त्यांचं उदाहरण आपापल्या नवऱ्यांना देत असू.

आणखी एक खोड म्हणजे सदऱ्याचा खिसा. जेवण झालं की लोक बडीशेप पुढे करतात, हे खिशातून काळे दाणे काढून तळहातावर ठेवतात. "घ्या विहीणबाई, चावून बघा." हे ते काळे सातू. यांच्याबद्दल मला थोडं सांगायला हवं, कारण सगळी भानगड यांचीच आहे.

आपण नाचणीचं सत्त्व करतो की नाही लहान मुलांसाठी? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. बिअरवाले सातवाचं, म्हणजे ज्याला कोणी जव म्हणतात त्याचं, तसंच करतात. मोड आलेले सातू हलके वाळवले की ते झाले साधे, पांढरे. बिअर मुख्यतः त्यांचीच. पण काही सातू ते लोक मोड आल्यावर ओले असतानाच बंद ठेवून उबेत शिजवतात, म्हणजे दाण्यातल्या दाण्यात साखर होते, आणि मग भाजत जातात. सालीच्या आतच पाक होतो, पाकाचा रंग चढत जातो, आणि भाजता भाजता दाणा काळपट पडला की थांबतात. चावलात तर आधी कुरकुरीत गोड, मग मनुकेसारखं, मग जळक्या गुळासारखं, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कडू. दाणा खरंच चांगला लागतो, मी खोटं बोलणार नाही. पण त्यातली मेख अशी, की ही करपलेली साखर यीस्टला नीट पचत नाही. साध्या सातवाची साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिची दारू करतं. ही मात्र बरीचशी तशीच राहते, बिअरमध्ये बसून, जड. म्हणून हे काळे सातू ओंजळभर घालायचे असतात. मसाल्यासारखे. कृतीत तसं स्वच्छ दिलेलं असतं.

व्याही पातेलंभर घालत.

"अहो, ओंजळभर म्हणतायत ना?" मी एकदा भीत भीत म्हटलं.

"ओंजळ कोणाची?" व्याही गरजले. "ती कृती लिहिणारी माणसं असतील किडकिडीत! चव यायला नको, विहीणबाई? चव!"

मग मोठ्या टोपात गरम पाण्यात तासभर सातू भिजत घालायचे, ते गाळायचे, हॉप्सची कडू फुलं घालून तो काढा उकळायचा, आणि गार करून यीस्ट टाकून पिंपात भरायचा. पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून ते न्हाणीघरात ठेवायचं. मालतीताई तोवर आंघोळीला शेजारी जात. परवान्याबिरवान्याचं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पिणारा सापडला तर कायदा धरणार ना? माझी पितंय कोण?"

ते खरंच होतं. पहिला ग्लास सगळे घेत. मी घेत असे मान राखायला. आमचे हे ग्लास घेऊन पडवीच्या कडेला जात, आकाशाकडे बघितल्यासारखं करत, आणि परत येत तेव्हा ग्लास रिकामा असे. तिथे खाली एक पपई होती. पाऊस असो नसो, ती पपई डोलायची. सत्यनारायणाला आलेल्या भटजींना व्याह्यांनी आग्रह केला, तेव्हा भटजींनी विचारलं, "यात सगळं धान्यच ना?" "धान्यच!" "मग नको, माझा उपास आहे." बुधवार होता, आणि भटजींच्या पानात नुकताच दुसरा शिरा पडला होता. जावई बंगळूरला असतात, हे सातू तिकडूनच ते कुरिअरने पाठवतात, पण सुट्टीत घरी आले की 'डोकं दुखतंय बाबा' म्हणून सुटतात. दुसरा ग्लास मात्र आजवर कोणी, अगदी कोणी, मागितला नव्हता.

आणि व्याह्यांना तोच हवा होता. कारण त्यांनी मला सांगितलंय. पोरसवदा फिफ्थ इंजिनिअर असताना त्यांची बोट बेल्जियमच्या एका बंदरात लागली होती. कडाक्याची थंडी, हातांना भेगा, घरचं पत्र आलेलं नव्हतं. धक्क्याजवळच्या एका खानावळीत शिरले. एका म्हाताऱ्या बाईने काही न विचारता काळपट बिअर पुढे ठेवली. "विहीणबाई, मनुका! त्या बिअरमध्ये मनुका होती, आणि आपल्याकडे होळीला पुरणपोळी तव्यावर जरा जास्त राहिली की तिच्या कडेला जो वास येतो ना, तो. मी तिथे बसून रडलो. आणि ग्लास संपला तर त्या बाईने न विचारता दुसरा भरला." एवढं बोलून त्यांनी खिशातला एक काळा दाणा तोंडात टाकला. "तसा एकदा जमायला हवा बघा. एक तरी माणूस म्हणायला हवा, की अजून आहे का हो?"

तर यंदाची गोष्ट.

यंदा चैत्रात मालतीताईंचा फोन आला. इतक्या हळू, की मला आधी वाटलं रेंज गेली. म्हणाल्या, "ताई, उंदरांनी ह्यांचे काळे सातू खाल्ले." माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण व्याह्यांनी नीट लावलं नव्हतं. एका फेरीत अर्धे गेले. व्याह्यांनी झाकण न लावताच दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तर उरलेलेही बहुतेक गेले. मी सांत्वनाला फोन केला तर स्वारी खुशीत.

"दुसऱ्यांदा आले, विहीणबाई!"

"कोण?"

"उंदीर! घरातलं कोणी नाही, पण उंदीर तरी दुसऱ्यांदा आले!"

डब्याच्या तळाशी राहिले होते ओंजळभर. जावयांना विचारलं तर तिकडेही तो माल लगेच मिळेना. पांढरे सातू मात्र आणून ठेवलेले, हॉप्स आलेले, आणि मे महिन्यात मुलं येणार. नाइलाजाने व्याह्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, कृतीत होते तेवढेच काळे सातू घातले. मला फोनवर म्हणाले, "यंदाचीला बिअर म्हणू नका. सुतक आहे असं समजा."

पुढचं सांगते, त्याला मात्र उंदीर जबाबदार नाहीत. बिअर बाटल्यांत भरली, की तिच्यात फेस धरावा म्हणून थोडी साखर घालून बाटल्या काही दिवस उबेत ठेवायच्या असतात. मोबाईलवर एक गोरी बाई हे शिकवते. बाटल्या घरातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवा, असं ती सांगते. ती बाई आहे बर्फाच्या देशातली. तिच्या घरातली उबदार जागा म्हणजे आपल्याकडचं थंड हवेचं ठिकाण. पण व्याही हुकमाचे पक्के. रत्नागिरीत, वैशाखात, अंगणात पाय ठेवला तर भाकरी होईल अशा दिवसांत, त्यांनी घरातली सगळ्यात उबदार जागा शोधली. आणि आंबा असलेल्या घरात ती कुठे असते हे आपल्याकडच्या कोणालाही विचारा. अढीत! पेंढ्यात थरावर थर लावून आंबे पिकत घातलेले, हात घातला तर चटका बसावा अशी ऊब. त्या हापूसच्या मधोमध व्याह्यांनी बाटल्या निजवल्या, वरून पेंढा पांघरला आणि निश्चिंत झाले.

दुपारची वेळ. आम्ही नेमके त्याच दिवशी तिकडे गेलेलो. जेवणं होऊन सगळे आडवे झाले होते. एकदम धाड! मग धाड, धाड! मालतीताई म्हणाल्या, "वानर पडले कौलांवर." आमचे हे काठी घेऊन अंगणात गेले. तोवर आत दिवाळी सुरू झालेली. अढीच्या खोलीत जाऊन बघते तर पेंढा छताला, काचा कोपऱ्यात, आणि हापूस आंबे फेसात न्हाऊन निघालेले, पहिल्या आंघोळीला बसवल्यासारखे. आणि वास! सगळं घर गुत्त्यासारखं घमघमत होतं. व्याही कुठे होते? झोपले होते. थोड्या वेळाने उठले, त्याच खोलीच्या दारावरून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले, आम्हाला काठी आणि केरसुणी घेऊन उभं बघितलं आणि म्हणाले, "काय झालं? चहा झाला का?"

आंबे टाकवेनात. आम्ही दोघींनी काचा वेचून एकेक आंबा निरखून बघितला, धुतला, पुसला, आणि पेट्या भरल्या. पुण्याला व्याह्यांच्या मोठ्या बहिणीला, अक्कांना, दर वर्षी पेटी जाते तशी यंदाही गेली. अक्का म्हणजे कडक काम. घरात कांदा नाही, लसूण नाही, चतुर्मासात तर मला वाटतं चवसुद्धा नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही पुन्हा पालीलाच होतो. व्याही कायम स्पीकरवर बोलतात, म्हणून सगळ्यांनी ऐकला.

"अरे, यंदाचा आंबा काय वेगळाच आहे रे!"

मालतीताईंनी माझा हात धरला.

"देवाला दाखवला आणि खाल्ला. अरे, काय तो वास! आणि खाल्ला की दुपारी झोप कशी छान लागते! गुडघाही दुखला नाही. दुसरी पेटी पाठव हो. आणि याच कलमाचे पाठव."

फोन ठेवून व्याही खिन्न झाले. "आंब्याला दुसऱ्यांदा मागतात," म्हणाले. "आंबा काय, आपोआप होतो."

मग मुलं आली. संध्याकाळी पडवीत सगळे बसलो होतो. चार-दोन बाटल्या अढीच्या कडेला होत्या त्या बचावल्या होत्या. त्या विहिरीत सोडून गार केलेल्या. व्याह्यांनी ट्रे आणला खरा, पण नेहमीचं ताठ उभं राहणं नव्हतं. "ही काही खरी नव्हे," म्हणत ग्लास वाटले, आणि तोंडांकडे बघायचं सोडून रस्त्याकडे बघत बसले. रंग चांगल्या चहाचा. मी सवयीने श्वास रोखला, एक घोट घेतला, आणि 'छान आहे हो' म्हणायला तोंड उघडलं.

आणि ते तसंच पुन्हा ग्लासाला लावलं. कारण छान होती. अहो, खरंच छान होती! आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखं, मग जरा कडू, आणि गिळून झाल्यावर, मी ग्लास खाली ठेवल्यावर, मागून हळूच मनुका आली. जशी यायला हवी तशी, दबक्या पावलाने, मालतीताईंसारखी. मी लेकीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. जावयांचं डोकं दुखायचं थांबलं. आमचे हे ग्लास घेऊन सवयीने पपईकडे गेले होते, तिथे त्यांनी उष्टावल्यासारखा एक घोट घेतला, थबकले, पपईकडे पाठ केली आणि उभ्या उभ्या ग्लास संपवला. मग आले, आणि घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारा माझा नवरा व्याह्यांपुढे ग्लास धरून म्हणाला,

"अजून आहे का हो?"

ज्या वाक्यासाठी त्या माणसाने पिंपंच्या पिंपं उकळली, ते वाक्य शेवटी आलं. आणि व्याह्यांना ते ऐकू आलं नाही.

"काय?" ते ओरडले.

"अजून," ह्यांनी ग्लास हलवला.

"अजून आजारी? कोण?"

मालतीताई उठल्या. त्यांच्या कानाशी गेल्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदा असेल, ओरडल्या, "अहो, ते दुसरा ग्लास मागतायत!"

व्याह्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. आनंदाने नाचतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "व्याही," ते म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही दोघांनी मान राखलात, मला काय कळत नाही? पण निदान चेष्टा तरी करू नका. यात काय आहे? मी चाखून बघितलीय. पाणी आहे नुसतं."

बघा म्हणजे! इतकी वर्षं खोटं बोललो ते गोड मानून घेतलं, आणि खरं बोललो तर पटेना. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, मान राखायला पहिला ग्लास पितात. दुसरा कोण पितो? आजवर मागितला का कधी?"

"नाही."

"मग? आजवरची मी गिळली. ह्यांची कुठे गेली ते त्या पपईला विचारा. ही मात्र आम्ही प्यायलोय."

व्याह्यांनी पपईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपला ग्लास उचलला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. पुन्हा घेतला. खिशातून काळे दाणे काढून चावले, आणि पुन्हा घेतला. मग ग्लास खाली ठेवून ते माझ्याकडे वळले आणि, मी त्यांना ओळखायला लागल्यापासून प्रथमच, हलक्या आवाजात बोलले.

"विहीणबाई, खरं सांगा. मनुका लागते?"

"लागते."

"आधी का मागाहून?"

"मागाहून. गिळल्यावर."

"हो," ते म्हणाले. "तशीच असते ती." आणि मग, "मला नाही लागली."

मालतीताईंनी तोंडावर हात ठेवला. "तो फणस," त्या पुटपुटल्या. आणि एकेक करून माझ्याही डोळ्यांपुढून सगळं गेलं. सुकटीचे ढिगारे. ती करी. पाच चमचे साखर. बिअरमध्ये न्हालेल्या आंब्यांच्या खोलीवरून जाऊन चहा विचारणारा माणूस. आम्ही सोशीक समजत होतो हो त्यांना! तेलाच्या आणि धुराच्या वाफांत सगळी उमर काढलेलं ते नाक, कधीतरी कोणालाही न सांगता निघून गेलं होतं. त्यांनाही सांगितलं नव्हतं. ते आपले, चव कमी पडते असं समजून वाढवत गेले, आधी ओंजळ, मग वाटी, मग पातेलं. जिभेला गोड आणि कडू तेवढं पोचत होतं. मनुका पोचत नव्हती.

नंतर डॉक्टरला दाखवलं. त्याने टॉर्च लावून नाकात बघितलं आणि फार पूर्वी यायला हवं होतं म्हणाला. फार पूर्वी हे भर समुद्रात होते.

मला वाटलं, आता सोडतील हा नाद. कसला सोडतायत! आता पद्धतशीर ओंजळभर काळे सातू पडतात. ओंजळही माझी धरतात, त्यांची मोठी आहे म्हणून. बिअर तयार झाली की फोन येतो, "विहीणबाई, जीभ घेऊन या!" मी आणि आमचे हे पालीला जातो. पडवीत बसतो. पपई बापडी यंदा वाळली. मी एकेक घोट घेते आणि काय लागतंय ते सांगते, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगते. "भाजका पाव!" "पुढे?" "गूळ! पण जळका नाही!" "पुढे? पुढे?" रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हळू होतात. माझ्या वयाची, नऊवारीतली बाई ग्लास हातात घेऊन 'मनुका! मनुका!' ओरडतेय, हे गणपतीपुळ्याला निघालेल्या कितीतरी भाविकांनी जाता जाता बघितलेलं आहे.

माझा ग्लास संपला की ते न विचारता दुसरा भरतात. अजून आहे का हो, असं विचारावं लागत नाही. स्वतःसमोर मात्र ग्लास ठेवत नाहीत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "मला त्या बेल्जियमच्या बाईच्या हातची प्यायलेली पुरे." दुसरा भरून झाला की खुर्ची माझ्याकडे ओढून घेतात, खिशातले चार काळे दाणे तोंडात टाकतात, डोळे मिटतात, आणि कुरकुर चावत विचारतात,

"हां, आता सांगा. आली का?"